काकांच्या चष्म्याला लटकलेली किंमत

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि ताईचं बाळ तुम्हाला झोपू देत असेल, अशी आशा करतो. इकडे चष्म्याचं दुकान ठीक आहे. तुझ्यावाचून काकाही ठीक आहेत. (पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.)

नोकरीधंदा करणाऱ्या पंचविशीपुढच्यांची संध्याकाळच्या कॉलेजची फी आता सरकार भरतं. यावर काका महिनाभर ग्राहकांना सुनावत होते, की आमच्या कराच्या पैशावर हे घोडे बाकावर बसणार. आणि दर वेळी माझ्याकडे बघायचे. म्हणून मी प्रवेश घेतल्याचं बोललोच नाही. सोमवारी दाढ दुखते असं सांगितलं (खालची, डावी; नंतर घोळ नको म्हणून आधीच ठरवली होती). डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई यंत्रावर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. त्यांना हलू नका म्हटलं, काकांना तसं ओरडून सांगितलं आणि निघालो. काका तेव्हा आरशासमोर होते. का, ते पुढे येतंच.

वर्गात शेवटच्या बाकावर जागा मिळाली. बाई फळ्यावर लिहू लागल्या, तशी शेजारच्या गृहस्थांनी मान झुकवली. "जरा सांगता का, काय लिहिलंय?" त्यांच्या चष्म्याच्या दांडीला किमतीची चिठ्ठी लटकत होती आणि तिच्यावरचं अक्षर माझं होतं.  ओळखू येऊ नये म्हणून काकांनी आपला जाड चष्मा खिशात घालून शोकेसमधली फ्रेम चढवली होती. तिच्या काचांना नंबर नसतो, हे त्यांनीच मला शिकवलंय.

"काका, मी आहे."

त्यांनी न दिसणाऱ्या फळ्याकडे बघतच चिठ्ठी कानामागे खोचली. मग म्हणाले, "दाढ कशी आहे?"

"बरी आहे. नर्सबाईंचा नंबर काय निघाला?"

"कोण नर्सबाई?"

आम्ही धावतच सुटलो. शटर वर केलं, तर बाई तशाच बसलेल्या. "आता डावा डोळा का?" म्हणाल्या. मला खोटं सुचेना, सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. प्रवेशाला वयाची वरची मर्यादा आहे का, एवढंच विचारलं.

आता अडचण अशी, की तीन खाडे झाले तर सरकार फी बंद करतं, आणि त्या धावपळीत आम्हा दोघांचा एकेक झाला. सहानंतर दुकानात एकाने थांबायलाच हवं. काका म्हणतात, "तुझं वय पुढे आहे, तू नंतर शिक; माझं संपत आलंय."  पण फी स्वतः भरायची झाली तर माझं कॉलेज संपलंच.

तुझा भाचा

ता. क. गुरुवारपासून तू गल्ल्यावर बसशील का? तिथे जिना नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या लग्नात काकांकडच्यांनी मुलगा पदवीधर आहे असं सांगितलं होतं, मग काका पहिल्या वर्षाच्या वर्गात कसे, हे तू विचारशील. मीही विचारलं. काकांनी मला शपथ घातली आहे, तेव्हा हे मी लिहिलेलं नाही. रागावून आलीस तरी चालेल, पण सहाच्या आत ये.