शिळी व्हॅन

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना माझंच मला हसू आलं. उभ्या संसारात तुम्हाला नुसत्या 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नाही, आणि आता हे कौतुक! पण बातमीच तशी आहे. चिंतामणची शाळेची व्हॅन आत्ता पोरं भरून काशीदच्या वळणापलीकडे गेली, आणि ती तुमच्या हर्षालीने दुरुस्त केली. माझी मासळीची पाटी दारातच आहे. मावरं बर्फात आहे, घटकाभर थांबेल. मी काही थांबू शकत नाही!

तुम्ही गेल्यापासून गॅरेज पोरीनेच उघडं ठेवलंय, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमचे मोठे भाऊ! भावजी रोज येऊन सांगायचे, "बाईमाणसाच्या हातात कोण गाडी देतंय? इथं भाड्याच्या स्कूटरी लावू, पर्यटक ढिगानं येतात. दिवाळीला गॅरेजची चावी द्या." तुम्ही असता तर बोलला असतात काही? कुठले! भावासमोर तुमची दातखीळच बसायची. सगळं माझ्यावर टाकून मोकळे.

तशात चिंतामणची व्हॅन आली. सकाळी चालू केली की नुसती थरथरायची, धक्के द्यायची, चढाला बंद पडायची. जरा तापली की शहाण्यासारखी पळायची. त्याने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, तरी तेच. शाळेकडून तंबी आली होती बिचाऱ्याला. भावजी नाक्यावर चारचौघांत म्हणाले, "ही व्हॅन हर्षालीनं नीट केली तर चावीचं नाव काढणार न्हाय. न्हायतर दिवाळीला शटर माझं." आणि ही तुमची लेक! फट्कन म्हणाली, "चालेल, काका."

तिला काय, जीभ उचलली की लावली टाळ्याला. कुणावर गेली असेल?

चिंतामणला म्हणाली, "संध्याकाळी आणून ठेवा. सकाळी शिळी बघते." तो माझ्या मासळीच्या पाटीकडे बघायला लागला. त्याला काय ठाऊक! रात्रभर न चालवलेल्या थंड गाडीला आपल्या घरात शिळी म्हणतात, हे बाहेर कुणाला सांगायचं? "तुझ्या आईला ताजं लागतं, मला शिळं," असं पोरीला सांगून तुम्ही मला किती चिडवलंत! मी रागवायची, तुम्ही खिदळायचात. आता तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला पदर डोळ्याला लावावा लागला.

पण झालं काय, सकाळी तिने चालू केली तर व्हॅन एकदम गुणी. दुसऱ्या सकाळीही तेच. खोड दिसेचना! भावजी टपरीवर चहा पीत मिशीत हसत होते. पोरीचं जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. "आई, इंजिन थंड असूच शकत नाही," एवढंच पुटपुटत होती.

मग पहाटे मी बंदरावर निघाले तर गॅरेजपुढे व्हॅन घुरघुरतेय. बघते तर आत चिंतामण बसलेला!

"अरे मेल्या, काय करतोस?"

"वयनी, रोज येऊन गरम करून ठेवतो. पोरीला तरास नको. अशी कुडकुडणारी गाडी तिच्यापुढं कशी ठेवायची? बरं दिसतं का?"

आता याला हसावं की हाणावं! पाहुण्याच्या पानात शिळं वाढू नये, ही आपल्याकडची रीत त्याने व्हॅनलाही लावली होती. आणि मी, जन्मभर बाजारात "ताजं घ्या, ताजं घ्या" ओरडलेली कोळीण, भर रस्त्यात ओरडले, "शिळी ठेव रे बाबा, शिळीच ठेव!" शेजारच्या खिडक्या उघडल्या. चावी काढून घेतली आणि कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी व्हॅनने आपलं खरं रूप दाखवलं. काय ती थरथर! हर्षालीने तुमचीच ती रबरी नळी घेतली, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवत गेली. तुम्ही वाकायचात तशीच वाकली होती, मान तशीच तिरकी. एका जागी थांबली. "आई, इथे सुस्स होतंय." हवेच्या पाइपाला मागच्या बाजूने चीर होती. तिथे पाण्याचे चार थेंब टाकले तर इंजिनाचा आवाजच बदलला. थंड असलं की रबर आखडतं, चीर उघडते, नको ती हवा आत घुसते. तापलं की रबर मऊ पडतं आणि चीर मिटते, म्हणून कुणाला सापडत नव्हती. हे तिने मलाच समजावलं, आणि मला कळलं! तुम्ही सांगायचात तेव्हा कधी कळलं नाही, ते का हो?

नवा पाइप बसवला. तरी म्हणाली, "उद्या शिळी बघितल्याशिवाय देणार नाही."

आज सकाळी सगळा नाका जमला. भावजी सर्वांत पुढे, हात मागे बांधून. हर्षाली आत बसली. माझा जीव टांगणीला. बराच वेळ झाला तरी आवाज नाही, धक्का नाही. शेवटी न राहवून मी ओरडले, "अगं, चालू कर की!"

"चालूच आहे, आई."

अहो, पोरं टाळ्या पिटायला लागली! भावजींनी बॉनेटवर हात ठेवून बघितलं. मग हिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बापाचा कान हाय हिला." एवढंच बोलले आणि गेले. मला तेवढं पुरे आहे.

बापाचा कान आहेच. पण जीभ माझी आहे, हेही लिहून ठेवते!

तुम्हाला शब्द देते. हे शटर तिच्याच हाताने वर जाईल. आणि कुणी पहाटे गुपचूप गाडी गरम करायला आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे. बाजारात मी ताजंच विकणार. पण तुमच्या गॅरेजच्या दारात उभं राहून शिळंच मागणार.

तुमचीच,
सुनंदा