खडखडणाऱ्या मशीनबद्दल ताईला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला, दोघांचीही चौकशी केली असं समज. दोघंही आपापल्या जागी असणारच. मी ठीक आहे. वजन केलेलं नाही, तेव्हा फोनवर ते विचारू नकोस.

तुझं पत्र पोचलं. आमच्याकडून तुमच्याकडे आलेलं भांडी घासायचं मशीन इतकं खडखडतं की भावोजींना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत (यात नुकसान काय, ते मला कळलं नाही). सबब ते भंगारात देऊन कमी आवाजाचं कोणतं घ्यावं, असं तू विचारलं आहेस. क्रमाने सांगते.

दुकानात प्रत्येक मशीनवर डेसिबलचा आकडा लिहिलेला असतो. चव्वेचाळीसच्या वर जाऊ नये. माझं नवीन अडतीसचं आहे. विक्रेता म्हणाला, वाचनालयापेक्षाही शांत. मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. दुपारी वाचनालयात वर्तमानपत्राखाली किती जण घोरतात, हे मी त्याला सांगितलं, तर त्याने सोबत आलेल्या लेकीकडे पाहिलं. (हल्ली माझ्याशी बोलताना सगळे तिच्याकडेच पाहतात.) शिवाय शेवटी पाणी बाहेर टाकताना पंप वेगळाच घुरघुरतो, त्याचंही विचारून घे. मशीन समपातळीत बसवा आणि आतल्या फिरत्या पंख्याला चमचे लागू देऊ नका. निम्मा आवाज त्याचाच.

आता शांत मशीनचे तोटे. ते चालू आहे हे कळतच नाही. पहिल्या दिवशी मी मध्येच दार उघडलं. चष्म्यावर वाफ आणि पायांवर पाणी. दुसऱ्या दिवशी ते धुऊन थांबलं असं समजून (ते सुरूच झालं नव्हतं) खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाईंना त्यातल्याच कपात चहा दिला. कपाच्या कडेला माझा आदल्या दिवशीचा घोट वाळलेला. बाई भल्या, दुसऱ्या बाजूने प्यायल्या. त्यानंतर खात्री असावी म्हणून एकच ताट मी सलग तीनदा धुतलं.

जुन्याची असली भानगड नव्हती. ते सुरू झालं की अख्ख्या इमारतीला कळायचं. आमचे हे दर महिन्याला गुडघे टेकून, पातळी बघायची पाणसळ लावून त्याचा डावा पाय ठीक करायचे आणि दर महिन्याला आवाज वाढायचा. पण खरं सांगते, तो आवाज आम्हाला सोयीचा होता. इथे चमचा पडला तरी खाली दंतवैद्यीणबाईंना कळतं. म्हणून भांडायचं ते मशीन चालू असताना, असा आमचा नियम. सकाळी काही निघालं तरी जेवण होईपर्यंत दोघंही पाहुण्यांसारखे सभ्य. भांडी नसली तरी हे म्हणायचे, "दोन कप टाक त्यात. मला बोलायचंय." एक तास दहा मिनिटं मिळायची. मशीन थांबलं की भांडण असेल तिथे संपायचं आणि आम्ही कप पुसायला घ्यायचो.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांना औषधावरून बोलायला लागले, तर म्हणाले, "इथे मशीन नाही. घरी गेल्यावर बघू." ते भांडण राहिलं.

असो. निवड करायला एवढी माहिती पुरावी. भावोजींना नमस्कार. गुडघा शेकत जा, नुसतं त्याच्याबद्दल लिहीत जाऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. क. जुनं मशीन भंगारात देऊ नकोस. भंगारवाल्याला बोलावलं असेल तर परत पाठव.

आणखी ता. क. हे गेल्यावर पाच महिने मी ते रोज जेवणानंतर लावत होते. आत एक ताट, एक वाटी. एक तास दहा मिनिटं मला पुरायची. लेकीला वाटलं, त्या खडखडाटाने आईचं डोकं दुखतं, म्हणून डोळे लाल होतात. तिने हौसेने हे शांत मशीन आणलं आणि जुनं तुमच्याकडे धाडलं. मला नको म्हणता आलं नाही, कारण जुनं कशाला हवं, ते सांगावं लागलं असतं. नवीन आल्यापासून एकदाही जमलेलं नाही. खाली ऐकू जातं, ताई. तेव्हा माझं अडतीसचं तुम्ही ठेवा आणि माझं मला द्या. टेम्पोवाल्याला सांगून झालं आहे, शनिवारी सकाळी तो नवीन घेऊन तुमच्या दारात असेल. डाव्या पायाखालची लाकडी चकती ह्यांनी तासलेली आहे, ती मशीनसोबत आली पाहिजे.