अण्णाचं इंग्रजी ज्यांनी बंद केलं

प्रिय अण्णा,

आज मुलुंडला तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. घरी आले आणि लुगडंही न बदलता लिहायला बसले. इतका संताप झालाय की तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

भाषण कुणी केलं, माहितीये? मे महिन्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या शिबिरात ज्यांनी तुझी टिंगल केली, ते शिबिर घेणाऱ्या त्याच साहेबांनी!

स्वातंत्र्यानंतरच्या नव्या नियमाने आता इंग्रजी आठवीपासून सुरू होतं. तुझ्या वर्गातली गिरणी कामगारांची पोरं एबीसीडीपासून सुरुवात करायची. मराठीतून गोष्ट सांगत सांगत तू त्यांना इंग्रजीत नेऊन सोडायचास. तास संपला तरी पोरं उठत नसत.

आणि साहेब म्हणाले, वर्गात मराठी शब्द नको. वस्तू दाखवा, इंग्रजी वाक्य म्हणवून घ्या. तू विचारलंस, "साठ मुलं आहेत, साहेब. एकदा माझ्या वर्गावर धडा घेऊन दाखवाल?"

काय चुकलं रे तुझं? त्यांनी तुला उभं करून 'व्हेजिटेबल' म्हणायला लावलं. तू आपल्या मालवणी हेलात म्हणालास. "पुन्हा!" पुन्हा म्हणालास. सगळे हसले.

घरी सांगताना तूही हसलास. पण शाळा उघडल्यावर जेवताना हळूच म्हणालास, "हेडमास्तरांका सांगलंय, माका भूगोल देवा."

तुझाही राग येतो, अण्णा! भांडला का नाहीस? भाजी अळणी झाली तर केवढा आवाज चढायचा तुझा!

दिवाळीआधी तू गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचा दोष मी साहेबांना देत नाही. पण तुझं इंग्रजी त्यांनीच मारलं.

आज म्हणतात कसे, "नवी पद्धत त्यांनी आनंदाने स्वीकारली." मी उठलेच. "खोटं! तुमच्यामुळे त्याने इंग्रजी शिकवणं सोडलं."

"बाई, ही वेळ नव्हे."

"त्याने विचारलं तेव्हा तरी कुठे वेळ होता तुम्हाला?"

हेडमास्तर मला बसायची खूण करत होते. तेवढ्यात शिबिरात तुझ्या शेजारी बसलेले शिंदे मास्तर उठले. "बाई खरं बोलतायत. आम्हीसुद्धा हसलो होतो," म्हणाले, आणि तसेच खाली मान घालून उभे राहिले. साहेब चहा न घेता निघून गेले.

येत्या मे महिन्यात त्याच शिबिराला अंधेरीच्या आमच्या शाळेतून माझं नाव गेलंय. मी जाणार. शिकण्यासारखं असेल ते मन लावून शिकेन. पण तिथे कुणा शिक्षकाची अशी फजिती केली, तर मी गप्प बसणार नाही, आणि बाकीच्यांनाही बसू देणार नाही. शब्द देते तुला.

तुझी भांडखोर बहीण,
सुलू