कपाटात कोंडलेला घेवडा

चिमणे,

तुझा प्रयोग पुन्हा करता यावा म्हणून मी घेवड्याचं नवं बी आणायला जातोय. दूध झाकून ठेवलंय, ते आधी पी.

काल बरण्यांत लावलेल्या आपल्या सगळ्यांच्या रोपांना फूटपट्टी लावून तू म्हणालीस, "मामाचं रोप जिंकलं." ते माझ्यामुळे. अंगणातल्या झाडांना पालवी फुटली आणि मामा राहायला आला, तेव्हापासून तुझं प्रत्येक वाक्य 'मामा म्हणाला'ने सुरू होतं. माझ्या पोटात दुखलं. तू शाळेत गेलीस की मी त्याच्या रोपाची बरणी दिवसभर कपाटात कोंडत होतो. वाटलं, रोप खुरटेल. अंधारात रोप उजेड शोधत लांबतं आणि फिकटतं, हे जन्मभर पोरांना शिकवलं, पण मत्सरापायी मीच विसरलो.

त्या लांबलेल्या रोपाला काडीचा आधार दे. मामाला मीच सांगेन. तुझ्या वहीत 'कारण' या रकान्यात लिही: आजोबा जळत होते.

आजोबा