पाणंदीवर आडवा दोर

आप्पा,

तुमच्या दोरानं मी पाणंद अडवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तुम्ही म्हणाल, मुद्द्यावर ये की खुळ्या. तीन रविवार झाले त्याला. तेव्हापासून माझी मलाच शिसारी आली आहे, आणि ज्यांच्यासाठी अडवली त्यांची त्याहून जास्त. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तासाभरासाठी तर बांधला होता, एवढं काय मनाला लावून घेता. तिला तो दोर कसला ते ठाऊक नाही. तो ओळखणारी माणसं थोडीच, त्यातले एक तुम्ही. म्हणून तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली तरी तुम्हालाच लिहितोय.

आधी सायकलीचं सांगायला पाहिजे. तुमची सायकल म्हणजे मागं दुधाचे दोन कॅन, पुढं पिशवी, आणि चिखल आला की सायकलच तुमच्या खांद्यावर. आता शहरात माझ्यासारखी पन्नाशी उलटलेली माणसं पोट कमी करायला सायकल मारतात. त्यात एक नवी जात आली आहे, ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड, मुरुमावर आणि खडीवर पळवायला. म्हणजे तुम्ही जन्मभर ज्या रस्त्यांना शिव्या घातल्या, ते मुद्दाम हुडकत हिंडायचं. डांबर लागलं की यांची तोंडं वाकडी होतात. फौंड्रीतली नोकरी सांभाळून मीही त्यांच्यात घुसलो. ग्रुपला नदीकाठचे, गाड्या नसलेले रस्ते पाहिजे होते, आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, माझ्याकडं आहे की. शिरोळातला आपला पट्टा, कृष्णेच्या काठाकाठानं जाणारा, आणि त्यातला सगळ्यात देखणा तुकडा आपली पाणंद. दोन्ही अंगाला ऊस, मधून मुरुमाची वाट, शेवटी नदीच्या गाळाचं मळीचं रान आणि नदी. फोनवर नकाशा करून मी सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, रहदारी अजिबात नाही.

दसरा झाला की तुम्ही खुंटीवरचा तो दोर खांद्यावर टाकून निघायचात. दोन टोकांना दोन गाठी, ओळखायला त्यांत आईच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या अंग न घासता जातील एवढं. पाणंद कागदावर सरकारची, पण नांगरट आली की ज्याला त्याला तिच्यातली एक सरी आपल्या रानात ओढायचा मोह होतो. यंदा एक सरी, पुढच्या वर्षी दुसरी, आणि पाच वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. तुम्ही एक गाठ या बांधावर धरता, दुसरी मला त्या बांधावर धरायला लावता, आणि जिथं दोर ढिला पडेल तिथं त्या रानाच्या मालकाला हाक मारता. लोक हसतात, आला बघा मोजणीदार म्हणतात. तुमचं एकच उत्तर असतं, "शेवटच्या रानाचा ऊस भाईर कसा पडायचा? डोस्क्यावर आणू व्हय?" शेवटचं रान काकींचं. नात्याच्या नव्हेत, आपल्या रानशेजारीण. त्यांचा ऊस, त्यांची वैरण, सगळं त्या एका वाटेनं बाहेर यायचं. दुसरी वाट त्यांना तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

मी कॉलेजात असताना सुट्टीला येऊन सरी सोडली होती, आठवतं? पाणंदीकडच्या अंगाला एक सरी जास्तीची काढली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही आलात, दोर टाकलात, आणि भर रानात ओरडलात, "पाणंद काय तुझ्या बाची हाय व्हय रं?" मला हसू आलं, कारण बा तुम्हीच. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "न्हाय न्हवं? मग मुजव." खोऱ्यानं मुजवू दिलं नाहीत. हातानं माती ओढायला लावलीत आणि वर पायानं तुडवायला. काकी डोक्यावरच्या वैरणीच्या भाऱ्याखालून बघत उभ्या होत्या, जाताना म्हणाल्या, "सोडा की वो आप्पा, पोरगं हाय." मला तुमचा एवढा राग आला होता की दोन दिवस जेवताना तुमच्याशी बोललो नाही.

आता ऐका, मी त्या वाटेवर कसली माणसं आणली. नदी दिसली की पहिली आरोळी, "वॉव, किती रॉ आहे ना!" मग फोटो. उसाला टेकून, मोटारीच्या पाईपाखाली डोकं घालून, कुणाच्या तरी बैलाच्या शिंगाला हात लावून. चिकट गोडमिट्ट खळीसारखं काहीतरी पुड्या फाडून चोखतात आणि त्या पुड्या सरीत टाकतात. शी! मी पहिल्यांदा त्या गोळा करत मागं राहिलो, तर एकजण म्हणाला, राहू दे ना, कुजतील. प्लॅस्टिक! कुणाला न विचारता ऊस मोडायचा, चार पेरं चघळायची आणि चोथा वाटेवरच थुंकायचा. एकानं मला खरोखर विचारलं, "इथं लोक राहतात का?" मी त्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती. उलट मी हसलो. त्यांना हसताना बघून हसायची मला सवय लागली होती.

मग एका फेरीला समोरनं उसाची ट्रॉली आली. बाजूला सरीत उतरायला लागलं, कुणाचे बूट भरले. लगेच माझ्या नकाशाखाली तक्रार पडली, रहदारी नाही लिहिलंय, मग हे काय? आणि मला लाज वाटली, आप्पा. ट्रॉलीची. ऐन हंगामात पाणंदीतनं ऊस येतो, याची मला लाज वाटली. पुढच्या रविवारी बाहेरगावची चाळीसएक माणसं येणार होती. मी ठरवलं, सकाळचा एक तास वाट बंद ठेवू, कुणाचं काय जातंय. पाणंदीच्या तोंडाशी आडवं लावायला काही मिळेना. गावातलं घर पाडून नवं बांधताना खुंटीवरचा दोर मी गाडीच्या डिकीत टाकला होता, तो तिथंच पडून होता. काढला आणि बांधला. एक टोक समोरच्या बांधावरच्या जुन्या बाभळीला, दुसरं आपल्या रानाच्या कुंपणाच्या लोखंडी अँगलला.

मी अलीकडं हेल्मेट आणि काळा चष्मा लावून उभा, सायकल आली की दोर वर उचलून आत सोडायला. निम्मी माणसं आत गेली असतील, तेवढ्यात आतल्या अंगानं काकी आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा, कमरेत पार वाकलेल्या. एक सायकलवाला घंटी वाजवत ओरडला, "मावशी, साइड, साइड! ट्रॅक मोकळा ठेवा!" काकी सरीच्या चिखलात उतरल्या. तशाच चालत दोरापाशी आल्या. भारा डोक्यावर असताना दोराखालनं येता येईना, म्हणून तो खाली टाकला आणि ओढायला लागल्या. मी दोन बोटांनी दोर वर धरला. फक्त दोर. भाऱ्याला हात लावला नाही, कारण मागनं कुणीतरी फोटो काढत होतं. काकी अलीकडं आल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि दोराकडं बघू लागल्या. बाभळीकडची गाठ हातात घेतली. ती चिंधी आता हिरवी म्हणायची म्हणून हिरवी.

"ह्यो आप्पाचा दोर हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं कसा आला, पावणं?"

मी म्हणालो, "माहीत नाही, मावशी. आम्ही पुण्याची माणसं."

माझ्या तोंडात तेव्हा शेण पडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, किती दिसलं कोण जाणे. मग म्हणाल्या, "वाट आडवायला न्हवता त्येंनी केला. सांगा तुमच्या मानसांस्नी." मी भारा उचलून त्यांच्या डोक्यावर दिला. त्या तशाच पुढं चालू लागल्या. दोर सोडून मी डिकीत टाकला आणि ग्रुपमधनं बाहेर पडलो. नकाशाही काढून टाकला, पण तो ज्यांच्या फोनमध्ये उतरलाय त्यांच्याकडं आहेच. परवाच्या रविवारीही कुणी कुणी येऊन गेले म्हणे.

काकींकडं जायचं रोज ठरवतो. जाऊन सांगायचं, पुण्याचा नव्हे, आप्पांचा मुलगा मी. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही, कारण दोर बांधतानाच मला आणखी एक दिसलं होतं. पहिली गाठ बाभळीला बरोबर बसली. दुसरी गाठ अँगलला बसायला पाहिजे होती. ती अँगलच्या पलीकडं, आपल्या उसात, हातभर गेली. बाभूळ काही जागची हलत नाही. मी उरलेल्या दोराचे अँगलला चार वेढे दिले आणि चिंधी आत खुपसली, दिसू नये म्हणून.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. दोराच्या वेटोळ्यात घडी करून ठेवीन. आपलं रान कसणाऱ्या वाटेकऱ्यावर मी रागावलेलो नाही, रागवायला तोंड नाही. उन्हाळ्यात कुंपण घालायच्या आधी त्यानं मला फोन केला होता. "दादा, पाणंदीच्या अंगानं अँगल कुठनं रोवू? आप्पा असतं तर दोर टाकून दाखवलं असतं." मी ऑफिसात होतो, घाईत होतो. म्हणालो, "रोव की जरा भाईर. पाणंदीनं आता जातंय कोण?"