बर्फाची पहिली खेप

सोलापूर, ता. ९ मे १९७४

तीर्थरूप आबांना कुंडलिकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपला टेम्पो लई झ्याक पळतो. माझं जेवणखाण वेळेवर हाय, काळजी करू नका.

काल पहिलं अर्जंट भाडं मिळालं. बर्फाच्या लाद्या दुपारच्या आत अक्कलकोटजवळच्या एका खेड्यात पोचवायच्या होत्या. लगीनसराई, तवा मला वाटलं लग्नच असंल. दारात मांडव बघून खात्रीच पटली. हॉर्न वाजवतच गेलो.

आत भजन चाललं होतं. एक म्हातारे भिंतीला टेकून बसलेले. नवा फेटा, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी म्हटलं, "राम राम! बर्फ कुटं उतरवू?" बोलेनात. तुमच्यासारखं कमी ऐकू येत असंल म्हणून कानाशी जाऊन ओरडलो.

शेजारी बसलेली त्यांची बायको हळूच म्हणाली, "ते गेले, बाळा. पोरगा पुण्यासनं येईस्तवर बर्फ त्यांच्यासाठीच हाय. जवळ ठेव."

लिंगायतांत मयताला बसवूनच नेत्यात, हे मला कुटं ठाऊक? आबा, लाद्या त्यांच्याजवळ रचल्या आन पाया पडलो.

आई कशी हाय? तुमीबी तसंच भिंतीला टेकून बसता, आन हाकेला ओ देत न्हाई. या पत्राला तेवढं लगेच ओ द्या.

तुमचा,
कुंडलिक