डावीकडचा दरवाजा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी तपासून घेणार. घेणार म्हणजे घेणार!

साधी गोष्ट होती. मांजरीहून येरवड्याच्या दवाखान्यात पोचायला दोन बस, आणि दुसरी येईल की नाही ते देवालाही ठाऊक नाही. दिवसभर लोकांचे गुडघे-खांदे हलवायचे आणि येता-जाता स्वतः लोंबकळायचं! म्हणून माझ्या कमाईतून एक जुनी गाडी शोधत होते. रविराजला कळलं. साखरपुडा झाल्यापासून त्याला सगळंच कळतं, आईमार्फत. म्हणाला, ‘बाहेरची कशाला? माझीच घे. मी नवी घेतोय.’

चंदेरी गाडी, अकरा वर्षांची, दिसायला झकास. म्हटलं, चालेल, पण आधी तपासून घेते. आतून-बाहेरून. सर्व्हिस कधी कधी झाली, ठोकली होती का, सगळं.

 तो — ‘अगं, माझी गाडी आहे ती!’

‘तुझी आहे म्हणून तुला विचारतेय. शेजाऱ्याला कसं विचारू?’

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांपर्यंत गेलं. म्हणे, ‘जावयाची गाडी तपासायची म्हंजे जावयालाच तपासल्यावानी हाय.’

मी म्हटलं, तो अजून जावई झालेला नाही आणि गाडीही माझी झालेली नाही. दोन्ही तपासायची हीच वेळ.

आई स्वयंपाकघरातून — ‘जीभ बघा हिची!’

दोन भाकरी जास्त खाल्ल्या. राग आला की मला भूक लागते.

११ नोव्हेंबर

रविराजचा मेसेज: ‘इट्स अबाउट ट्रस्ट, यार.’ मी लिहिलं: ‘शनिवारी दहाला गाडी घेऊन ये.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

आला. गॉगल काढला नाही.

जिनतला बोलावलं होतं. कॉलेजपासूनची मैत्रीण, विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासते. रविराजला मी तिचं काम सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. ‘मला वाटलं कोणी मेकॅनिक येईल’ — म्हणजे काय? मेकॅनिकला गुंडाळता आलं असतं?

जिनत गाडीभोवती फिरली. उजवीकडे झरझर. डावीकडे मात्र थांबली. दरवाजा उघडला, मिटला, परत उघडला. रबर ओढून आत बघितलं. खाली वाकली. मग पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला आणि उजवीकडचाही ओढून शेजारी धरला. उजवीकडचा कळकट. डावीकडचा कोरा करकरीत.

तो चहा आणायला गेला तेव्हा म्हणाली, ‘डावी बाजू कापून जोडलीये. वरून पुट्टी. एअरबॅग नाहीच, नुसतं झाकण आहे. आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा दुसऱ्याच वायरीला जोडलाय, म्हणजे सगळं ठीक आहे असं दाखवतो. विम्याचा क्लेम नाही. बाहेर गपचूप केलंय.’

मी विचारलं, पट्टा का बदलला?

‘जोरात ताण बसला की तो निकामी होतो. अपेक्षा, तिथे कोणीतरी बसलं होतं.’

१६ नोव्हेंबर

विचारलं त्याला.

‘खांबाला घासली होती थोडी.’ घासल्यावर एअरबॅग फुटते? ‘तुझी मैत्रीण ओव्हरस्मार्ट आहे.’ आहेच! शेजारी कोण होतं? ‘कोणी नाही.’ मग पट्टा? ‘तू लग्न करतेयस की पोलीस चौकशी?’

दोन्ही एकदम करता येत असेल तर बरंच, म्हटलं. फोन ठेवला त्याने.

आई रडते आहे. पत्रिका छापायला जायच्या होत्या. रडू दे. मी उद्या पण हेच विचारणार.

१८ नोव्हेंबर

आज एका पेशंटला भिंतीला धरून चालवत होते. खुबा मोडलेला, बाईकवरून पडून. त्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला फिरलेलं. बघता बघता आठवलं. असं चालणारं माणूस मी गेल्या महिन्यातच पाहिलंय. साखरपुड्यात, माझी ओटी भरायला पुढे आलं होतं.

रविराजची आई.

तेव्हा विचारलंही होतं. ‘बाथरूममध्ये घसरली,’ असं त्याचे वडील म्हणाले होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी काढून खराडीला त्यांच्या घरी गेले. न सांगता. रविराज ऑफिसात. तात्याराव — म्हणजे त्याचे वडील — हॉलमध्ये टीव्हीसमोर. प्रेमलाकाकू पाणी घेऊन आल्या, भिंतीला हात लावत लावत.

‘काकू, पायाला काय झालं होतं?’

तात्याराव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, ‘सांगितलं ना, बाथरूममध्ये घसरली. लक्ष नसतं.’

‘मी काकूंना विचारलं.’

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. काकू पेला घेऊन आत वळल्या. मी उठले. पण सोडायला लिफ्टपर्यंत आल्या, आणि लिफ्ट आली तरी माझा हात सोडेनात.

‘रविराज गाडी चालवता चालवता फोनवर बोलत होता गं. मी म्हटलं, समोर बघ. तेवढंच आठवतं.’

‘मग बाथरूम?’

‘दवाखान्यात जाग आली तेव्हा हे म्हणाले, तू घसरलीस. सगळ्यांना तेच सांगितलं. पोराचं लग्न व्हायचंय ना. इतक्या वेळा सांगितलंय की आता मला ओली फरशी दिसते डोळ्यांसमोर.’

आणि मग — ‘तू पहिली. मला म्हणून विचारलंस. तेही गाडीच्या निमित्ताने.’

हसल्या. हसल्या!

२३ नोव्हेंबर, रविवार

मोडलं.

दोन्हीकडची मंडळी आमच्याकडे. काकू सोडून. तात्याराव म्हणाले, ‘एका जुन्या गाडीपायी सोयरीक मोडणार तुम्ही?’

गाडीपायी नाही, म्हटलं. गाडी दुरुस्त झाली असती.

रविराज एकदम मऊ. ‘अपघात कोणाकडूनही होतो, अपेक्षा. घाबरलो होतो. आईच म्हणाली, नको सांगू.’ खरं असेल. मला त्या क्षणी त्याची कीवही आली. विचारलं, मग त्यांना आज का नाही आणलं?

‘तिला इतका वेळ बसवत नाही.’

‘का बसवत नाही?’

 बाबा त्याच्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मी अंगठी काढून टेबलावर ठेवली. बाबांनी ती उचलून तात्यारावांच्या हातात दिली. म्हणाले, ‘चहा घेऊन जावा.’

२७ नोव्हेंबर

धाकट्या काकीचं म्हणणं, आता हिला कोण करून घेणार. मी काय भाजी आहे? करून घ्यायला!

७ डिसेंबर, रविवार

गाडी घेतली! जिनतने आधी तीन नापास केल्या. ही सहकारनगरच्या एका निवृत्त गृहस्थांची. लाल, मागे भलामोठा पोचा. दारातच म्हणाले, ‘आमच्याच गेटवर ठोकली. मीच. चष्मा घातला नव्हता. बाकी तुम्ही तपासा, मी आडवा येणार नाही. चहा मिळणार नाही, मिसेस बाहेर गेल्यात.’

जिनत म्हणाली, घे.

घरी आणली तर बाबा दोनदा फिरले भोवती. ‘लालभडक हाय.’ मग नारळ फोडला. आई अजून बोलत नाही, पण हळदीकुंकू तिनेच लावलं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी प्रेमलाकाकूंचा फोन. ‘गाडी घेतलीस म्हणे. येशील?’

पोचले तर बिल्डिंगच्या गेटबाहेर उभ्या होत्या. काठी. आणि एक मोठी बॅग. मी बॅग मागे ठेवली. त्या शेजारी बसल्या. कुठे जायचं, विचारलं.

‘आधी इथून हल,’ म्हणाल्या. ‘मग सांगते.’